थोडी सरमिसळ, मग अफाट नकला: रोगजंतू कसे बदलतात

१९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन वापरायला सुरुवात झाली, तेव्हा रुग्ण आधी झपाट्याने सुधारत आणि काही महिन्यांनी त्यांतल्या अनेकांचा आजार पुन्हा उलटत असे. थुंकी तपासली की कळे, आतले जंतू आता औषधाला दाद देत नाहीत. यावर जो उपाय सापडला तो आजही क्षयाच्या उपचारांचा पाया आहे: एकाच वेळी एकाहून अधिक औषधे द्यायची. स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पॅस नावाचे दुसरे औषध दिले की प्रतिरोध निर्माण होण्याचे प्रमाण खूपच घटते, हे लवकरच दिसून आले.

यामागचे गणित समजायला सोपे आहे. समजा, पहिल्या औषधाला निकामी करणारा बदल दहा कोटी जंतूंमागे एकात आपसूक घडतो आणि दुसऱ्या औषधाचेही तसेच. दोन्ही बदल एकाच जंतूत योगायोगाने जुळून यायचे तर दहा कोटी गुणिले दहा कोटी एवढे जंतू हवेत. तेवढे कोणत्याही रुग्णाच्या फुप्फुसात नसतात. म्हणून दोन्ही औषधे एकदम आणि नेमाने घेतली तर जंतूला पळवाट राहत नाही. एकेक करून किंवा अर्धवट घेतली तर मात्र तो एकेक पायरी चढत जातो.

आता त्याच सुमाराचे दुसरे उदाहरण. १९५०च्या दशकात जपानमध्ये शिगेला या जिवाणूमुळे होणाऱ्या हगवणीच्या साथींत असे जंतू सापडू लागले, जे सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना एकाच वेळी दाद देत नव्हते. वरच्या गणिताने हे जवळजवळ अशक्य. १९५९च्या सुमारास जपानी संशोधकांनी कारण शोधून काढले. औषधांना न जुमानणारा ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू आणि औषधाने मरणारा शिगेला एकत्र वाढवले, तर थोड्याच वेळात शिगेलाही चारही औषधांना पुरून उरत होता. चारही प्रतिरोधांची जनुके एकाच गठ्ठ्याने एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे गेली होती.

क्षयाचा जंतू दुसऱ्याकडून जनुके घेत नाही, शिगेला घेतो. एकाचा वंश निव्वळ नकला काढत पुढे जातो, दुसऱ्याच्या वंशात अधूनमधून परकी जनुके येऊन मिसळतात. औषधे कशी द्यायची, लस किती वर्षे पुरेल, साथीचा माग कसा काढायचा, या सगळ्यांची उत्तरे या फरकावर अवलंबून असतात. जीवशास्त्रात यावर अनेक दशके वाद चालला आहे: रोगजंतू मुळात क्लोनल असतात, म्हणजे स्वतःच्या प्रतीच काढत राहतात, की त्यांच्यातही लैंगिक सरमिसळ होत असते? माझ्या मते हा प्रश्न ‘हे की ते’ असा विचारला की फसतो. बहुतेक मोठ्या साथींच्या मागे दोन्ही गोष्टी क्रमाने घडलेल्या दिसतात. आधी एखादी दुर्मीळ सरमिसळ होते आणि मग तिच्यातून निघालेल्या यशस्वी वंशाच्या अफाट नकला निघतात.

संख्या वाढणे वेगळे, जनुके मिसळणे वेगळे

माणसात, प्राण्यात, बहुतेक वनस्पतींत या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. नवा जीव जन्माला येतो तेव्हाच दोन पालकांची जनुके एकत्र येतात. त्यामुळे लैंगिक पुनरुत्पादन म्हटले की संततीही आली, असे आपण गृहीत धरतो.

जिवाणूंत ही गाठ सुटलेली आहे. जिवाणू वाढतो तो दोन तुकडे होऊन. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि प्रत्येकात मूळ डीएनएची जवळजवळ हुबेहूब प्रत. या वाढीत दुसऱ्या कुणाचा सहभाग नसतो. जनुकांची देवघेव होते ती वेगळ्या वेळी, वेगळ्या वाटेने आणि सहसा एकतर्फी. देणाऱ्याचा थोडासा डीएनए घेणाऱ्यात जातो; नवा जीव काही जन्माला येत नाही, असलेला जीव बदलतो.

यातली पहिली वाट १९२८ मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांना दिसली. न्यूमोनियाच्या जिवाणूचे दोन प्रकार त्यांच्याकडे होते: कवच असलेला घातक आणि कवच नसलेला निरुपद्रवी. उष्णतेने मारलेले घातक जिवाणू आणि जिवंत निरुपद्रवी जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले, तर उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत, कवचधारी जिवाणू मिळाले. मेलेल्यांचे काहीतरी जिवंतांनी उचलले होते. ते ‘काहीतरी’ म्हणजे डीएनए, हे ॲव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवले. वारशाचे द्रव्य कोणते, हे माणसाला एका रोगजंतूच्या देवघेवीतून कळले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुसरी वाट लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्ये ई. कोलायमध्ये दाखवली. दोन जिवाणू एकमेकांना चिकटतात आणि एकाचा डीएनए दुसऱ्यात सरकतो. प्लास्मिड नावाची डीएनएची छोटी, सुटी वर्तुळे बहुधा अशीच प्रवास करतात. शिगेलाचे चार औषधांचे प्रतिरोध याच मार्गाने आलेले. तिसरी वाट विषाणूंची. जिवाणूंना ग्रासणारे विषाणू, म्हणजे फाज, एका जिवाणूतून बाहेर पडताना कधीकधी त्याची जनुके सोबत घेऊन दुसऱ्यात शिरतात. झिंडर आणि लेडरबर्ग यांनी हे १९५२ मध्ये साल्मोनेला या जिवाणूत दाखवले.

परजीवी आणि बुरशी यांच्या पेशी आपल्यासारख्या, केंद्रक असलेल्या. त्यांच्यात खरेखुरे नर-मादी युग्मक, त्यांचे मीलन आणि गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे अर्धसूत्री विभाजन होऊ शकते. पण त्यातले अनेकजण बराच काळ, काही तर हजारो वर्षे, याशिवायच राहतात.

सरमिसळीत फायदा काय, तोटा काय

नुसत्या नकला काढण्याचा फायदा उघड आहे. जोडीदार शोधावा लागत नाही. एकच जंतू नव्या शरीरात शिरला तरी वंश चालू राहतो. आणि जमून आलेली जनुकांची जुळणी मोडत नाही, हे सर्वांत महत्त्वाचे. आतड्यात तग धरायला, प्रतिकारशक्तीला चुकवायला आणि औषधाला तोंड द्यायला लागणारी जनुके एकाच जंतूत एकत्र आली असतील, तर ती वेगळी करण्यात तोटाच आहे.

मग सरमिसळ हवी कशाला? आर. ए. फिशर यांनी १९३० मध्ये आणि हर्मन मुलर यांनी १९३२ मध्ये एक उत्तर दिले. नकला काढणाऱ्या वंशात दोन चांगले बदल दोन वेगळ्या जंतूंत झाले तर ते कधीच एकत्र येऊ शकत नाहीत. दोन्ही वंश एकमेकांशी झगडतात आणि एक हरतो. त्याच्याबरोबर त्याचा चांगला बदलही जातो. सरमिसळ असेल तर दोन्ही बदल एकाच संततीत येऊ शकतात. मुलर यांनीच १९६४ मध्ये दुसरी बाजू मांडली. नकला काढताना बारीकसारीक चुका होत राहतात. सगळ्यांत कमी चुका असलेला वंश योगायोगाने नष्ट झाला, तर त्याच्याइतका निर्दोष जीव पुन्हा तयार होणे जवळपास अशक्य असते. चुका साठत जातात आणि वंश हळूहळू खंगतो. अधूनमधून जनुके मिसळली तर चुका गाळून टाकता येतात.

थोडी सरमिसळ पुरे, हा यातला कळीचा भाग. सतत मिसळत राहण्याचा खर्च मोठा असतो, पण क्वचित मिसळण्यातही बराचसा फायदा पदरात पडतो. सूक्ष्मजीवांच्या जगात हा मधला मार्ग इतक्या वेळा दिसतो तो यामुळेच.

कोण मिसळतो, हे ओळखायचे कसे

जंतूंना मिसळताना प्रत्यक्ष पाहणे फार अवघड असते, म्हणून पुरावा त्यांच्या जनुकांत शोधावा लागतो. पत्त्यांचा नवा कोरा जोड उघडला तर एक्क्यानंतर दुर्री, मग तिर्री, असा क्रम ठरलेला असतो. एक पत्ता दिसला की पुढचा सांगता येतो. जोड चांगला पिसला की तसे सांगता येत नाही. जनुकांचेही तसेच. एखाद्या जातीच्या शेकडो जंतूंत पहिल्या जनुकाचा अमुक प्रकार दिसला की दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या जनुकाचा प्रकारही ठरल्यासारखाच सापडत असेल, तर पत्ते पिसले गेलेले नाहीत. ती जात क्लोनल. आणि कोणत्याही जनुकाबरोबर कोणतेही जनुक सापडत असेल तर सरमिसळ जोरात चालू आहे.

डीएनए वाचणे स्वस्त होण्याआधी ही तपासणी जंतूंच्या विकरांवरून (एन्झाइम) होत असे. विकराचा रेणू थोडा वेगळा असेल तर विजेच्या क्षेत्रात तो वेगळ्या गतीने सरकतो. १९८० मध्ये सेलँडर आणि लेव्हिन यांनी ई. कोलायचे नमुने असे तपासले, तेव्हा शक्य असलेल्या असंख्य जुळण्यांपैकी मोजक्याच पुन्हा पुन्हा मिळाल्या. त्याही एकमेकांपासून खूप दूरच्या ठिकाणांहून. जिवाणू क्लोनल असतात, हे मत त्यानंतर पक्के झाले. १९९० मध्ये मिशेल तिबायरॉन्क, फिन शेलबर्ग आणि फ्रान्सिस्को आयाला यांनी हाच विचार एकपेशीय परजीवींना लावला. त्यांचे म्हणणे असे होते की यातल्या कित्येकांत लैंगिक अवस्था असली तरी निसर्गात त्यांची रचना प्रामुख्याने क्लोनलच राहते.

ही मांडणी नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्याबद्दल बराच गैरसमज आहे. क्लोनल म्हणजे सरमिसळ शून्य, असा तिचा दावा नाही. सरमिसळ इतकी कमी आहे की वंशांमधल्या भिंती त्यामुळे मोडत नाहीत, एवढेच ती म्हणते. एक जंतू स्वतःच्याच हुबेहूब प्रतीशी मिसळला, तर प्रक्रिया लैंगिक असूनही परिणाम नकलेचाच होतो. जोडातले दोन सारखे पत्ते आपसात बदलले तर काहीच बदलत नाही.

१९९३ मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिवाणू किती क्लोनल आहेत?’ असा थेट प्रश्न विचारला, आणि उत्तर जातीगणिक वेगळे निघाले. साल्मोनेला बऱ्यापैकी क्लोनल. परमा या गुप्तरोगाचा जिवाणू मात्र इतका मिसळणारा की त्याचे पत्ते पूर्ण पिसलेले.

तिसरे उदाहरण फसवे होते. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा मेनिंगोकोकस पहिल्या नजरेला क्लोनल दिसला. पण रुग्णांमधून घेतलेल्या नमुन्यांत एकाच यशस्वी वंशाच्या असंख्य प्रती होत्या. साथ आली की असेच होते: एक वंश अल्पकाळात फोफावतो आणि नमुन्यांत त्याचीच गर्दी होते. प्रत्येक वंश एकदाच मोजला, तर उरलेल्या चित्रात पत्ते व्यवस्थित पिसलेले दिसले. म्हणजे ही जात मुळात मिसळणारी आहे. अधूनमधून तिच्यातला एखादा वंश नकलांनी फुगतो, काही वर्षे किंवा दशके टिकतो आणि मग सरमिसळीत विरून जातो. याला साथीची रचना म्हणतात. हा निष्कर्ष मला या सगळ्या संशोधनात सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्यातून एक सावधपणा शिकायला मिळतो. इस्पितळात येणारे जंतू म्हणजे त्या जातीचा फक्त विजयी भाग. निरोगी माणसांच्या घशात शांतपणे राहणारे मेनिंगोकोकस तपासले नाहीत, तर त्या जातीचे चरित्र अर्धेच कळते.

लशीला चुकवणारे कवच

ग्रिफिथ यांचा न्यूमोनियाचा जिवाणू आजही तेच करतो जे १९२८ मध्ये उंदरांत केले. त्याचे कवच शंभराहून अधिक प्रकारचे असते आणि लस कवच ओळखायला शिकवते. अमेरिकेत २००० मध्ये सात प्रकारच्या कवचांवरची लस लहान मुलांना देणे सुरू झाले. त्या सात प्रकारांचे गंभीर आजार झपाट्याने कमी झाले. काही वर्षांत मात्र १९ए नावाचे, लशीत नसलेले कवच वाढू लागले. त्यातले काही जिवाणू तपासल्यावर दिसले की मूळ वंश लशीतल्या ४ क्रमांकाच्या कवचाचाच होता. त्याने कवचाची जनुके बदलून १९एची घेतली होती. अंगावरचे कवच नवे, आतला यशस्वी वंश जुनाच. २०१० मध्ये आलेल्या तेरा प्रकारांच्या लशीत १९ए घेतले गेले.

याच जिवाणूची पेनिसिलिनला न जुमानण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. पेनिसिलिन ज्या प्रथिनांना पकडते त्यांची जनुके प्रतिरोधी जिवाणूंत तुकड्यातुकड्यांची बनलेली असतात. त्यातले काही तुकडे घशात राहणाऱ्या, सहसा आजार न करणाऱ्या शेजारी जातींचे असतात. निरुपद्रवी शेजाऱ्यांचे जनुकसाठे हा रोगजंतूंचा राखीव खजिना आहे, आणि अनावश्यक प्रतिजैविके घेतली की तो खजिना नकळत भरत जातो.

कॉलऱ्याचा जिवाणू तर देवघेवीवरच रोगजंतू झाला. ज्या विषामुळे रुग्णाच्या शरीरातले पाणी वाहून जाते, त्या विषाची जनुके एका फाजची आहेत, हे वॉल्डर आणि मेकालानोस यांनी १९९६ मध्ये दाखवले. समुद्रात खेकडे आणि त्यांच्या बारीक भाईबंदांच्या कवचातला कायटिन हा पदार्थ भेटला की हा जिवाणू बाहेरचा डीएनए आत घ्यायला तयार होतो. त्याच वेळी तो शेजारी पेशींना अणकुचीदार यंत्रणेने भोसकून मारतो आणि त्यांचा सांडलेला डीएनए उचलतो. १९९२च्या अखेरीस भारत आणि बांगलादेशात ओ१३९ नावाचा कॉलऱ्याचा नवा प्रकार उफाळला. तो १९६१ पासून जगभर पसरलेल्या सातव्या महासाथीच्याच वंशातला होता, फक्त पृष्ठभागावरचे साखरेचे आवरण घडवणारी जनुके त्याने बदलली होती. जुन्या प्रकाराविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिकारशक्ती त्याला ओळखत नव्हती, म्हणून तो प्रौढांनाही मोठ्या प्रमाणात झाला.

हिवताप: मीलन सक्तीचे, सरमिसळ सक्तीची नाही

हिवतापाच्या परजीवीला, प्लास्मोडियमला, मीलन टाळताच येत नाही. माणसाच्या यकृतात आणि तांबड्या पेशींत तो नकला काढत वाढतो. त्यातले काही परजीवी नर आणि मादी पूर्वपेशी बनतात. ॲनोफेलिस डासाची मादी त्या रक्ताबरोबर शोषते, तिच्या पोटात नर-मादी युग्मक एक होतात, अर्धसूत्री विभाजन होते आणि पुढे तयार झालेले परजीवी तिच्या लाळग्रंथीत येऊन पुढच्या माणसाची वाट पाहतात. हे चक्र पूर्ण झाल्याशिवाय डासामार्फत पुढचा माणूस बाधित होत नाही.

मग हा जंतू पक्का मिसळणारा म्हणायचा का? इथे वाद पेटला होता, आणि उत्तर भूगोलात निघाले. एकाच वंशाचा परजीवी नरही देतो आणि मादीही. डासाने ज्याचे रक्त प्यायले त्या माणसात एकच वंश असेल, तर डासाच्या पोटात भेटणारे नर आणि मादी एकमेकांच्या प्रतीच असतात. मीलन झाले, विभाजन झाले, पण बाहेर आले ते पुन्हा तेच. माणसात तीन-चार वंश एकाच वेळी असतील तर मात्र खरी सरमिसळ होते. २००० मध्ये टिम अँडरसन आणि सहकाऱ्यांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या फॅल्सिपेरम या हिवतापाच्या सर्वांत घातक परजीवींची तुलना प्रसिद्ध केली. आफ्रिकेत, जिथे डासांकडून वारंवार संसर्ग होतो, तिथे जनुके भरपूर पिसलेली होती. दक्षिण अमेरिकेत, जिथे संसर्ग विरळ, तिथे एकच जुळणी पुन्हा पुन्हा दिसली. एकच जात, एकच जीवनचक्र, आणि तरी एकीकडे जवळजवळ क्लोनल, दुसरीकडे मिसळणारी. ‘हे की ते’ हा प्रश्न का फसतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

औषधांच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा आहे. समजा, औषधाला टक्कर द्यायला परजीवीला दोन-तीन जनुकांतले बदल एकत्र लागतात. ते एकदा एकत्र आले, की सतत मिसळणाऱ्या ठिकाणी पुढच्याच पिढीत विखुरले जाण्याची शक्यता असते. विरळ संसर्गाच्या ठिकाणी ती जुळणी अखंड राहते आणि तिच्या नकला पसरतात. आग्नेय आशियातून क्लोरोक्विन आणि पुढे सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या औषधांचे प्रतिरोध उगवून आफ्रिकेत गेले. अलीकडच्या काळात कंबोडियात आर्टेमिसिनिन आणि त्याचे जोडऔषध पायपेराक्विन या दोघांनाही न जुमानणारा एक वंश तयार झाला आणि तो शेजारच्या थायलंड, लाओस, व्हिएतनाममध्ये नकलांनी पसरला. एकट्या सरमिसळीच्या अभावावर याचे खापर फोडता येणार नाही. विरळ संसर्गात लोकांची प्रतिकारशक्ती कमी असते, त्यामुळे बाधा झालेला जवळजवळ प्रत्येकजण आजारी पडून औषध घेतो आणि औषधाचा दाब वाढतो, हेही तितकेच खरे. आता रवांडा आणि युगांडातही आर्टेमिसिनिनला कमी दाद देणारे परजीवी स्वतंत्रपणे उगवले आहेत, तेव्हा मिसळणाऱ्या प्रदेशातही गाफील राहून चालणार नाही.

परजीवीच्या याच मीलनाचा माणसाने उपयोगही करून घेतला. क्लोरोक्विनला न जुमानणारा एक वंश आणि औषधाने मरणारा दुसरा वंश यांचे प्रयोगशाळेत मीलन घडवून, संततीतल्या कोणात प्रतिरोध आला आणि त्याच्याबरोबर कोणता डीएनए आला हे ताडून, २००० मध्ये पीएफसीआरटी हे जनुक नक्की करण्यात आले.

टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीत क्लोनल होण्याची वाट आणखी वेगळी आहे. त्याचे मीलन फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होते. पण एका प्राण्याच्या मांसातून दुसऱ्या मांसाहारी प्राण्यात जायला त्याला मांजराची गरज लागत नाही. १९९५ मध्ये हाउ आणि सिब्ली यांनी दाखवले की उत्तर अमेरिका आणि युरोपातले बहुतेक नमुने फक्त तीन वंशांचे आहेत. ते तिन्ही मोजक्या जुन्या मीलनांतून निघाले आणि मग नकलांनी पसरले. दक्षिण अमेरिकेतल्या नमुन्यांत मात्र कितीतरी अधिक विविधता आहे.

आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा मुख्य परजीवी, ट्रिपॅनोसोमा ब्रुसाय गॅम्बिएन्स, हा टोकाचा क्लोनल. त्याचे जवळचे नातेवाईक त्सेत्से माशीत मीलन करतात, हा मात्र सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या एका पूर्वजापासून नुसत्या नकलांनी आलेला आहे. २०१६ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, तपासताना एक सुंदर पुरावा मिळाला: गुणसूत्राच्या जोडीतल्या दोन प्रती एकमेकींशी कधीच न मिसळल्याने आपापल्या वाटेने बदलत दूर गेल्या होत्या. आणि मुलर यांनी सांगितलेले खंगणे तो काही अंशी असे टाळतो की जोडीतल्या चांगल्या प्रतीवरून बिघडलेली प्रत दुरुस्त होत राहते. काळ्या आजाराच्या परजीवींच्या वर्गाला, लिश्मानियाला, दीर्घकाळ क्लोनल मानले जात होते. २००९ मध्ये वालुमाशीत त्यांच्यातही जनुकांची देवघेव होते हे प्रयोगाने सिद्ध झाले.

‘अलैंगिक’ बुरशींचे गुपित

फुप्फुसांना ग्रासणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे वर्णन १८६३ मध्ये झाले आणि तेव्हापासून सुमारे दीड शतक ती अलैंगिक समजली जात होती. पण तिच्या जीनोममध्ये मीलनाला लागणारी जनुके शाबूत होती, आणि वापर नसलेली जनुके इतका काळ सहसा टिकत नाहीत. शेवटी २००९ मध्ये योग्य दोन प्रकार एकत्र करून, ओटच्या पिठाच्या माध्यमावर, अंधारात सहा महिने ठेवल्यावर लैंगिक बीजाणू मिळाले. इतकी वर्षे उणीव होती ती आपल्या चिकाटीत आणि योग्य परिस्थितीच्या निवडीत.

कॅन्डिडा अल्बिकन्सची रीत निराळीच. तिच्या पेशी एकत्र येतात, गुणसूत्रे दुप्पट होतात आणि मग अर्धसूत्री विभाजनाऐवजी जादा गुणसूत्रे एकेक करून गळत जातात. बुरशींत नर-मादीसारखे दोन मीलन-प्रकार असतात; क्रिप्टोकॉकस गॅटी तर एकाच मीलन-प्रकारातल्या दोन पेशींतही संकर करू शकते. १९९९ पासून कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटावर पसरलेला तिचा घातक वंश अशाच संकरातून आला असावा, असे २००५ मधल्या संशोधनाने सुचवले.

कॅन्डिडा ऑरिस ही २००९ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा नोंदलेली, इस्पितळांत पसरणारी आणि अनेक औषधांना दाद न देणारी बुरशी. ती वेगवेगळ्या खंडांत जवळपास एकाच काळात वर आली. प्रत्येक भौगोलिक गट आतून जवळजवळ एकाच वंशाच्या नकलांचा, आणि मुख्य चार गटांत मीलन-प्रकारही वाटलेले: दोन गटांत एक, दोन गटांत दुसरा. बराच काळ अंतराने त्यांना वेगळे ठेवले. रुग्णांबरोबर हे गट एका इस्पितळात येऊ लागले की ते अंतर उरत नाही. बटाट्याच्या करप्याबाबत हे घडून गेले आहे. त्याच्या फायटोफ्थोरा या जंतूचा एकच मीलन-प्रकार दीर्घकाळ मेक्सिकोबाहेर जगभर पसरलेला होता. १९७०-८०च्या दशकांत दुसरा प्रकारही बाहेर पडला. जिथे दोन्ही भेटले तिथे मातीत वर्षानुवर्षे टिकणारे लैंगिक बीजाणू आणि नव्या जुळण्या दिसू लागल्या.

विषाणूंचेही असेच चालते. इन्फ्लुएन्झाचा जीनोम आठ तुकड्यांत असतो आणि दोन प्रकार एका पेशीत शिरले की तुकडे अदलाबदल होतात. १९५७, १९६८ आणि २००९ च्या महासाथी अशा अदलाबदलीतून आल्या. कोविडच्या विषाणूचा एक्सबीबी हा प्रकारही दोन ओमिक्रॉन वंशांच्या संकराचा.

एका विषमज्वराची वंशावळ

साथीचा माग काढताना या सगळ्याचा रोज उपयोग होतो. क्षयाच्या जंतूचा जीनोम सुमारे ४४ लाख अक्षरांचा. त्यात साधारण दोन वर्षांत एखादे अक्षर बदलते आणि बाहेरून काही येत नाही. दोन रुग्णांच्या जंतूंत चार-पाच अक्षरांचाच फरक असेल, तर संसर्गाची साखळी त्यांना जवळून जोडते असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. न्यूमोनियाच्या जिवाणूत असे सरळ मोजले तर फसगत होते. एका देवघेवीत हजारो अक्षरांचा तुकडा बदलतो आणि कालचे जंतू शतकांपूर्वी दुरावल्यासारखे दिसतात. तिथे बाहेरून आलेले तुकडे आधी वेगळे काढावे लागतात आणि उरलेल्या भागावर वंशवृक्ष उभारावा लागतो.

विषमज्वराचा जिवाणू, साल्मोनेला टायफी, क्षयाच्या जंतूसारखाच एकसुरी, क्लोनल. त्याचा एच५८ हा वंश गेल्या काही दशकांत दक्षिण आशियातून आफ्रिकेपर्यंत पसरला. २०१६ मध्ये पाकिस्तानच्या सिंध प्रांतात या वंशाच्या एका शाखेने एक प्लास्मिड मिळवले, तसेच प्लास्मिड ई. कोलायमध्ये आढळते. त्यासरशी सेफ्ट्रियाक्सोनसारखी औषधेही निकामी झाली. तोंडाने घ्यायच्या औषधांत प्रामुख्याने ॲझिथ्रोमायसिन उरले. देवघेव बहुधा एकदाच झाली, पुढचे हजारो रुग्ण तिच्या नकलांचे.

क्षयाचे गणित टायफीला का लावता येत नाही, हे इथे दिसते. एरवी नकला काढणारा हा जंतू आतड्यात ई. कोलायच्या शेजारी राहतो, आणि एक प्लास्मिड त्याला कित्येक प्रतिरोध एका फटक्यात देऊ शकते. पण त्याचा क्लोनलपणा आपल्या बाजूनेही आहे. न्यूमोनियाच्या जिवाणूकडे शंभर कवचे, टायफीकडे मुख्यतः एकच, व्हीआय नावाचे. औषधांना दाद देणारा टायफी आणि न देणारा टायफी दोघेही तेच कवच घालतात, त्यामुळे त्यावरची लस दोघांनाही लागू पडते. २०१९ मध्ये पाकिस्तानने ही संयुग्म लस (कवचाचा अंश प्रथिनाला जोडून बनवलेली) सिंधपासून सुरुवात करत नियमित लसीकरणात घेतली. असे करणारा तो पहिला देश होता. व्हीआय नसलेले टायफी निसर्गात क्वचित सापडतात. म्हणून लस दिलेल्या भागांत आता रुग्णांकडून मिळालेल्या जंतूंत दोन गोष्टी सतत तपासायला हव्यात: कवच अजून आहे का, आणि नवे प्लास्मिड आले आहे का.